चंदा, बयाणा आणि भाग : खुल्या व्हिडिओ गेमसाठी पैसा कसा जमवावा?

गेल्या महिन्यात जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीचे काम करणारी दोन मुले आमच्याकडे आली. हाताने काढलेला एक आराखडा त्यांनी टेबलावर पसरला आणि म्हणाली, "चाचा, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आपण इथेच बनवू शकतो. आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवू. पण सुरुवातीला पैसा लागतो. जमातीतून चंदा केला तर चालेल काय?" त्यानंतर आठ दिवसांनी धुळ्याच्या आग्रा रोडवरील एका दुकानदार बंधूंनीही जवळपास हाच प्रश्न विचारला. तेव्हा आजचा धडा याच विषयावर घेत आहोत. मुलांना आम्ही दिलेले उत्तर थोडक्यात असे : चंदा जरूर करा, पण चंद्याने काय करायचे आणि काय करायचे नाही हे पहिली पावती फाडण्याआधी ठरवा.

यंत्र कोणते आणि खुले म्हणजे काय?

नव्वदच्या दशकात उरुसात आणि जत्रेत ब्रिक गेम मिळत असे, तो पुष्कळ वाचकांना आठवत असेल. हातातला व्हिडिओ गेम म्हणजे त्याच जातीचे यंत्र. आत एक सर्किट बोर्ड, त्यावर मुख्य चिप, एक लहान पडदा, सात-आठ बटणे, चार्ज होणारी बॅटरी आणि वरून प्लॅस्टिकचे घर. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रात आत काय आहे ते कोणी सांगत नाही. बिघडले तर दुरुस्तीवाल्याने अंदाजाने हात घालायचा.

खुल्या यंत्राचे तसे नसते. त्याच्या सर्किटचा नकाशा, सुट्या भागांची यादी, घराचे माप आणि आतला प्रोग्राम हे सर्व कोणालाही पाहता येते, बनवता येते, सुधारता येते. अट एवढीच घालता येते की ज्याने सुधारणा केली त्याने तीही इतरांसाठी खुली करावी. अशा यंत्रांसाठी लेखी परवाने तयार आहेत. युरोपातील सर्न या संशोधन संस्थेने खुल्या यंत्रांसाठी आपला पहिला परवाना २०११ साली काढला. आपल्या मुलांना नवा कागद लिहिण्याची गरज नाही. असा एखादा तयार परवाना निवडावा आणि आराखड्यावर त्याचे नाव घालावे.

काही बुजुर्ग विचारतील, खेळण्यासाठी कौमचा पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्याला हे यंत्र बनवता आले त्याला बोर्ड आखणे, बारीक सोल्डरिंग, बॅटरीचे चार्जिंग आणि प्रोग्राम लिहिणे या चारही गोष्टी आल्या. हेच हुनर वजनकाट्याच्या बोर्डात लागते, शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्ये लागते आणि धुळ्यातल्या पॉवरलूमच्या कंट्रोल पॅनेलमध्येही लागते. खेळाचे यंत्र ही शिकण्याची पाटी समजावी. पैसे लावून खेळायचा कोणताही खेळ त्यात घालायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

पैशाचे चार प्रकार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कोणत्याही कामासाठी लोकांकडून येणारा पैसा चार प्रकारचा असतो.

१) चंदा. देणाऱ्याने दिला, परत मागायचा नाही. त्याचा हक्क फक्त हिशेबावर.
२) बयाणा. वस्तूच्या किमतीपोटी आगाऊ दिलेला पैसा. देणाऱ्याचा हक्क वस्तूवर, वस्तू न मिळाल्यास पैशावर.
३) भाग. धंद्यातली मालकी. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर तोट्यातही वाटा.
४) कर्ज. ठरल्या मुदतीत परत करायचे.

भागाची गोष्ट जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि तिचा वनस्पती तुपाचा कारखाना आपल्या अमळनेरला उभा राहिला. तीच पुढे विप्रो झाली. अमळनेरच्या कितीतरी घरांनी तिचे भाग घेतले, काहींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आणि त्यांचे सोने झाले. परंतु ते भाग होते, चंदा नव्हता. चंदा देणाऱ्याने असल्या सोन्याची आशा धरू नये आणि चंदा मागणाऱ्याने ती दाखवू नये.

हे चार पैसे एकाच डब्यात टाकले की भांडण लागते. याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ दुकानदारांनी मिळून बोर्ड दुरुस्तीचे एक मोठे मशीन आणण्याचे ठरवले. गल्लीतली मुले त्यावर शिकतील असा विचार होता. भिशीत जमवतो तसे पैसे जमवले, एका व्यापाऱ्याला आगाऊ दिले, कागद मात्र केला नाही. मशीन पाच महिने उशिरा आले आणि आले ते बिघडलेले. मग प्रत्येकाच्या मनातले बाहेर आले. कोणी म्हणाला, मी मुलांसाठी चंदा दिला होता, मला काही नको. कोणी म्हणाला, माझा आठवा हिस्सा आहे, मशीन विका आणि पैसे द्या. एकाने तर ते उसने दिले होते. खोटे कोणीच बोलत नव्हता. दोष आमचा, कारण पैसे घेताना आम्ही विचारलेच नव्हते. मशीन पुढे भंगारच्या भावात गेले, याचे दुःख नाही. आठांपैकी दोघे दोस्त आजही एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत, याचे आहे.

तळेगावचा पैसा फंड

चंद्यातून हुनर उभे करता येते काय? येते, आणि त्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा करावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिले. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपर्यंत पोहोचावे लागे. अशा पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. जपानात जाऊन काचेचे काम शिकलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सुरुवातीला त्याची धुरा सांभाळली.

या कारखान्यात माल तर निघालाच, पण मुले काच बनवायला शिकली ही त्याची खरी कमाई होती. तेथे तयार झालेले कारागीर देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले आणि आपले हुनर सोबत घेऊन गेले. ज्याने एक पैसा दिला त्याला काचेचा पेला मिळाला नाही, नफ्याचा वाटाही मिळाला नाही. तरी त्याचा पैसा बुडाला असे कोणी म्हणणार नाही. आमच्या मणियार बंधूंनी यावर विचार करावा, कारण काचेचा धंदा त्यांच्या घरचा आहे.

यातून पहिला नियम मिळतो. चंदा अशा गोष्टीवर खर्च करावा जी सर्वांची राहील : शिक्षण, आराखडा, नमुना, चाचणी. जी वस्तू एकाच्या हातात जाणार तिची किंमत त्या एकानेच द्यावी.

पँडोराचा धडा

आता हातातल्या व्हिडिओ गेमचेच उदाहरण पाहू. इंग्लंड-जर्मनीतल्या काही शौकीन मंडळींनी पँडोरा नावाचे यंत्र आखले. आधी कोरियात जीपी२एक्स नावाचे लिनक्सवर चालणारे खेळाचे यंत्र निघाले होते. त्याच्याच चाहत्यांनी याहून चांगले आपण बनवू असे ठरवले. मोठी कंपनी पाठीशी नव्हती, म्हणून सप्टेंबर २००८ च्या अखेरीस नोंदणी उघडली आणि ग्राहकांकडून पूर्ण किंमत आगाऊ घेतली. पहिली खेप सुमारे ४,००० यंत्रांची होती. दोनेक महिन्यांत माल हाती येईल असा अंदाज होता. पहिली यंत्रे ग्राहकांकडे निघाली ती मे २०१० मध्ये.

मधली दीड वर्षे गेली कशात? फार मोठा भाग प्लॅस्टिकच्या घराच्या साच्यात गेला. नोंदणी घेतली तेव्हा यंत्र पुरते तयारच नव्हते. साचा काढून पाहावा, कुठे बटण अडकते, कुठे झाकण बसत नाही, मग साचा दुरुस्त करावा, असे चालले. पुढे बोर्ड बनवून घेण्यातही अडचणी आल्या. २०११ साली काम जर्मनीला हलवले आणि तेथून यंत्रे नीट निघू लागली. यंत्र उत्तम होते आणि ज्यांना मिळाले त्यांनी वर्षानुवर्षे वापरले. मात्र इंग्लंडातली मूळ कंपनी पुढे बंद पडली आणि तिच्याकडे पैसे भरलेल्या जुन्या ग्राहकांपैकी अनेकांना फार ताटकळावे लागले.

या मंडळींची नियत वाईट नव्हती. त्यांनी एकच गोष्ट चुकवली : संशोधनाचा खर्च बयाण्यातून केला. बयाणा हा मालाचा पैसा असतो. तो साच्याच्या दुरुस्तीत गेला तर माल बनवायच्या वेळी तिजोरी रिकामी होते. मग नव्या ग्राहकाच्या पैशातून जुन्या ग्राहकाचा माल बनवावा लागतो. आपल्या बाजारात याला टोपी फिरवणे म्हणतात आणि त्याचा शेवट काय होतो हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तेव्हा दुसरा नियम : संशोधन चंद्यातून, माल बयाण्यातून. दोन्हींची खाती वेगळी, आणि नमुना पूर्ण पास होईपर्यंत बयाण्याचा एक रुपयाही घ्यायचा नाही.

सिम्प्युटरचा धडा

खुले हातयंत्र भारतातही बनले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर कंपनीतील मंडळींनी मिळून सिम्प्युटर ट्रस्ट काढला आणि खेड्यातल्या माणसालाही वापरता यावा असा हातातला संगणक आखला. तो लिनक्सवर चाले आणि देशी भाषेतला मजकूर वाचून दाखवी. किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवण्याचा विचार होता. आराखडा खुला होता, मात्र बनवून विकणाऱ्या कारखानदाराने ट्रस्टकडून परवाना घ्यायचा होता. मार्च २००४ मध्ये पिकोपेटा कंपनीने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साह्याने अमिडा सिम्प्युटर बाजारात आणला. जगभर त्याचे कौतुक झाले, विक्री मात्र अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली.

आराखडा तयार होऊन माल दुकानात येईपर्यंत वर्षे गेली आणि तेवढ्यात बाजार पुढे सरकला. म्हणून तिसरा नियम : पहिले यंत्र लहान ठेवा, लवकर संपवा. पँडोरासारख्या संगणकाच्या मागे लागू नका. २०१५ साली लोकवर्गणीतून आर्डूबॉय नावाचे यंत्र निघाले. ते जवळपास व्हिजिटिंग कार्डाएवढे, पडदा काळा-पांढरा आणि चिप अगदी साधी. मुलांनी तेथून सुरुवात करावी. आज चिपही स्वस्त आहे. रास्पबेरी पाय कंपनीने २०२१ साली आपली आरपी२०४० ही चिप सुटी एका डॉलरला विकायला काढली, आणि ती बसवलेला तयार पिको बोर्ड चार डॉलरला. अशा बोर्डावर पहिला नमुना घरच्या टेबलावर बनतो. प्लॅस्टिकच्या साच्याचा खर्च मोठा असतो, म्हणून साचा शेवटी. तोवर थ्रीडी प्रिंटरवर काढलेले घर किंवा लाकडाचे घरही चालेल. आपल्याकडे चांगले सुतार आहेत.

चंदा टप्प्याटप्प्याने खर्च करावा

उदाहरणादाखल धरू की ६०० जणांनी प्रत्येकी ५०० रुपये दिले. एकूण ३,००,००० रुपये झाले. ही रक्कम मुलांच्या हाती एकदम देऊ नये. ती पुढीलप्रमाणे वाटावी. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या कामाप्रमाणे बदलावेत.

१) टेबलावरचा पहिला चालता नमुना : ३०,०००.
२) स्वतः आखलेला सर्किट बोर्ड आणि त्याची दहा यंत्रे : ७०,०००.
३) पन्नास यंत्रांची चाचणी खेप. ही शाळेतल्या मुलांना वापरायला द्यायची, काय मोडते ते पाहायचे : १,२०,०००.
४) प्रोग्राम, तसेच मराठी व उर्दूतील माहिती पुस्तिका : ५०,०००.
५) अडीअडचणीसाठी राखीव : ३०,०००.

पहिल्या टप्प्याचा नमुना दहा माणसांसमोर चालवून दाखवला की दुसऱ्या टप्प्याचे पैसे सुटतील. नाही चालला तर काम तेथेच थांबेल आणि उरलेली रक्कम पावतीवर लिहिल्याप्रमाणे परत जाईल किंवा देणाऱ्याच्या संमतीने दुसऱ्या शिक्षणकार्यात लागेल. पावतीच्या मागे हे छापलेले असावे. प्रत्येक टप्प्यानंतर आराखडा, जमलेला असो वा फसलेला, सर्वांसाठी खुला करावा. फसलेला आराखडाही कामाचा असतो, कारण दुसऱ्या गावच्या मुलाचा तेवढा खर्च वाचतो. पैसा संपला, यंत्र निघाले नाही, तरी एवढे ज्ञान मागे राहिले तर चंदा वाया गेला असे आम्ही मानणार नाही. बंद आराखड्यासाठी मात्र कोणी चंदा मागत असेल तर त्याला साफ सांगावे की भाई, हा तुमचा खाजगी धंदा आहे, तुम्ही भागीदार शोधा.

मुलांची मजुरीही हिशेबात धरावी. दुकान बंद ठेवून कोणी महिनाभर काम केले तर त्याला ठरलेला मेहनताना मिळालाच पाहिजे. फुकट काम करवून घेतले तर तो मुलगा चौथ्या महिन्यात पुण्याला किंवा सुरतेला नोकरीवर निघून जाईल आणि अर्धे काम तसेच राहील.

वही आणि कायदा

खजिनदार आणि खर्च करणारा एकच माणूस नसावा. बँकेत वेगळे खाते, दोन सह्यांशिवाय पैसे निघू नयेत. रोजकीर्द रोज लिहावी. दर महिन्याला जमा-खर्चाचा कागद दुकानांच्या फळीवर लावावा. देणघेण लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला सूरह बकरामध्येच आहे, आणि तरी लिहायचा कंटाळा आपणच करतो.

जकातीचा पैसा यात घेऊ नये. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. हा चंदा निव्वळ स्वखुशीचा असावा. कोणाला शंका असल्यास आलिमांना विचारून घ्यावे.

कायद्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सार्वजनिक चंदा करायचा तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेमार्फत करणे चांगले. आयकरातली देणगीवरची सवलत मिळायची तर त्या संस्थेकडे तशी मान्यता हवी. दुसरे, "पैसे द्या, वाढवून परत देऊ" असे शब्द तोंडातून काढू नयेत. परवानगीशिवाय ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तिसरे, पुढे कंपनी काढून बयाणा घेतला तर तो ३६५ दिवसांत मालापोटी वळता व्हावा लागतो. नाहीतर २०१४ च्या नियमांप्रमाणे तो ठेव धरला जातो. पँडोरासारखी दीड वर्षाची उधारी येथे चालणार नाही. चौथे, व्हिडिओ गेम आणि लिथियम सेल या दोन्ही वस्तू भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. व्हिडिओ गेम तर २०१२ च्या पहिल्या यादीतच होता. तेव्हा विक्रीला हात घालण्याआधी त्या खर्चाची आणि वेळेची तजवीज करावी, आणि सेल नोंदणी असलेल्या कारखान्याचाच घ्यावा. वायफाय किंवा ब्लूटूथ घातले तर दूरसंचार खात्याची मान्यताही पाहावी लागते. पहिल्या यंत्रात ते घालूच नये.

शेवटी

आमच्याकडे आलेल्या त्या दोन मुलांनी हे सर्व ऐकून घेतले. त्यातल्या धाकट्याने विचारले, "एवढे कागद कशाला चाचा? लोक आपल्याला ओळखतात." आम्ही त्याला आमच्या मशीनची आणि त्या दोन दोस्तांची गोष्ट सांगितली. लोक ओळखतात म्हणूनच कागद हवा. अनोळखी माणसाचे पैसे बुडाले तर तो कोर्टात जातो. ओळखीच्या माणसाचे बुडाले तर तो गप्प बसतो, आणि पुढच्या वेळी कोणत्याच चांगल्या कामाला हात सैल करत नाही. मग शाळेचा चंदा अडतो, दवाखान्याचा अडतो.

मुलांनी आपला आराखडा परत नेला आहे. पहिल्या टप्प्याचा खर्च लिहून आणतो म्हणाली आहेत. जळगाव आणि धुळ्यातील ज्या बंधूंना अशा कामात हात द्यायचा असेल त्यांनी पैशाआधी तीन प्रश्न विचारावेत : माझा पैसा चार प्रकारांपैकी कोणता? तो कोणत्या टप्प्यावर खर्च होणार? आणि आराखडा खुला कधी होणार? तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली तर पाचशे रुपये जरूर द्यावेत. इन्शाअल्लाह, त्यात बरकत होईल. एकाचेही उत्तर "बघू पुढे" असे आले, तर चहा पाजून मुलांना परत पाठवावे आणि कागद पूर्ण करून आणायला सांगावे.